मासो पोटात पोवता

मयेकरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पडवीत बसून सुरमई कच्ची खात होत्या. मालवणजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवायची नोकरी मला लागली होती, आणि त्याच शाळेत खेळ शिकवणाऱ्या या बाईंच्या घरातली पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. रिक्षातून सामान उतरवते आहे तोच समोर ही ताटली: पातळ, फिकट गुलाबी फोडी, वर मीठ आणि लिंबू. मी सांगलीकडची. आमच्याकडे शिजवलेल्या माशाकडेही जरा संशयानेच बघतात.

“खातास?” बाईंनी ताटली पुढे केली. मी नको म्हटलं तशा त्या हसल्या. “चव बगल्याशिवाय नको कशी म्हणतास?”

बाईंचा सगळा स्वभाव या एका प्रश्नात होता. कुठलीही गोष्ट त्यांना नुसती ऐकून पटत नसे. आधी करून बघायची, मग बोलायचं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, रुंद खांद्यांच्या, उन्हाने रापलेल्या. नवरा जहाजावर नोकरीला, मुलगा पुण्यात. घरात त्या आणि सासूबाई. दर हिवाळ्यात समुद्रात पोहण्याची स्पर्धा होते, तिचे पाच किलोमीटर पार करायचे, एवढाच बाईंचा ध्यास होता. आदल्या वर्षी किनारा दिसू लागला असताना त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि उचलून होडीत घालावं लागलं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. पुढे कधीतरी त्यांनी मोबाईलवर पाहिलं, की परदेशातले काही खेळाडू ताकद वाढवायला मांस-मासे कच्चेच खातात. झालं.

पण म्हणून बाई डोळे मिटून काही करत नव्हत्या. डॉक्टरांनी जंतांची भीती घातली तेव्हा त्यांनी ओळखीने बंदरावरच्या शीतगृहात मासे आठवडाभर गोठवून ठेवायची सोय केली. “जंतांक थंडी बादता, माका नाय,” त्या म्हणायच्या. मग सुरमई, कोळंबी, बांगडा अशी एकेकाची परीक्षा सुरू झाली. “सुरमय लोण्यासारकी. सुंगटा गोड. बांगडो मात्र जिभेर खिळो ठेवल्यासारको.” एकदा त्यांनी बोकडाची कलेजीही तशीच खाल्ली आणि दोन दिवस शाळेला आल्या नाहीत. बऱ्या होऊन आल्या त्या स्टाफरूममध्ये उभ्या राहिल्या आणि गंभीरपणे निकाल दिला, “मासो पोटात पोवता, मटण पोटात चालता. आपणाक पोवूचा आसा.” पोहणाऱ्या बाईंपुरता मटणाचा विषय तिथे संपला.

मला मात्र कुतूहल छळू लागलं. एका रविवारी मी डोळे घट्ट मिटून एक फोड तोंडात टाकली. थंड, गुळगुळीत, आणि मासळीचा वास जवळजवळ नाहीच. चांगली लागली. आता सांगलीला परतल्यावर हे सांगते तर लोक तोंड वाकडं करतात.

खरी पंचाईत झाली होती ती सासूबाईंची. त्यांच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खायला पाहुणे निमित्त काढून येत, आणि घरातली सूनच चार कच्च्या फोडी खाऊन उठायची. गावाचं रक्षण करणाऱ्या देवचाराला, म्हणजे राखणदाराला, दरवर्षी कोंबड्याचा मान देतात, त्यावरून त्या सुनेला टोचायच्या, “राखण दितंव तेवा रगत राखणदाराक ठेवतंव आणि शिजवन आपण खातंव. तू कोण देवचार लागान गेलंस गो?” बाई ऐकून घ्यायच्या. पुढे पुढे सासूबाई आपलं पान वेगळं वाढून घेऊ लागल्या. एकाच स्वयंपाकघरात दोघी एकमेकींकडे पाठ करून जेवायच्या, ते बघून मला वाईट वाटायचं.

त्या हिवाळ्यात बाई पाचही किलोमीटर पोहून आल्या. उलटी नाही, काही नाही. किनाऱ्यावर हार, फोटो, नुसता जल्लोष. शाळेच्या पोहणाऱ्या मुलींनी त्यांना गराडा घातला. “बाई, आमी पण कच्चो मासो खाव काय?”

“मगे सांगतंय,” म्हणून बाईंनी त्यांना घरी पाठवलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, “गो मास्तरणी, मी एकाच वर्साक दोन गोष्टी बदललंय. मासो कच्चो खाल्लंय, आणि श्वास डावीकडसून घेवक शिकलंय. आदी उजवीकडसून सगळा खारा पाणी तोंडात जाय. आता हो कशाचो गुण, ता माका ठावक नाय. पोरींका काय सांगू?”

दुसरी कोणी असती तर हाती आलेलं यश मिरवत बसली असती. बाईंनी ठरवलं, पुढच्या वर्षी श्वास डावीकडूनच घ्यायचा, पण मासा शिजवलेला खायचा. पुन्हा होडीत चढायची वेळ आली तर सगळं गाव हसेल, हे त्यांना चांगलं कळत होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्यांच्यासाठी भीतीही वाटली.

सासूबाईंच्या आनंदाला मात्र उधाण आलं. दोन्ही पानं पुन्हा शेजारी मांडली जाऊ लागली. स्पर्धेच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी सुरमईचं सार आणि उकड्या तांदळाचा भात रांधला. बाई “पुरे, पुरे” म्हणत होत्या आणि पुन्हा वाटी पुढे करत होत्या. त्या साराला नाही म्हणणं मलाही जमलं नाही, आणि मला तर पोहायचंही नव्हतं.

किनारा हाकेच्या अंतरावर असताना बाईंना उलट्या झाल्या. होडीतून वाळूवर आणलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासूबाई त्या वर्षी पहिल्यांदाच स्पर्धा बघायला आल्या होत्या. सुनेचं तोंड पदराने पुसता पुसता त्यांना रडू आवरेना. “माज्या रांदपान घात केल्यान गो तुजो!” मुली भोवती उभ्या होत्या.

बाई आकाशाकडे बघत विचार करत पडून होत्या. मग कोपरावर जोर देऊन उठून बसल्या.

“कच्च्याचो गुण नाय, असा माका वाटता,” त्या मला म्हणाल्या. “थोड्याचो आसा. कच्ची सुरमय कोण पोटभर खाता? चार फोडींनी जीव भरता. आणि ह्या सार...” त्या सासूबाईंकडे वळल्या. “आई, तुमच्या हाताक चव नसती, तर आज मी पोचलंय असतंय.”

सासूबाई सुनेच्या ओल्या केसांतली वाळू झाडत म्हणाल्या, “मगे फुडल्या वर्साक अळणी रांदतलंय. पण रांदतलंय मीच.”