काळ्या उंदरांचं कूळ

तळोद्याला एका डॉक्टरांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत उंदीर पाळले होते, औषधं तपासायला. साल बासष्ट. उंदरांची उस्तवार करायला होती दिवलीबाई, सातपुड्यातून खाली आलेली विधवा. कोणी कारखानदार तापाची नवी पुडी डोंगरातल्या लोकांना वाटणार होता. त्याआधी ती पुडी उंदरांना चारून पाहायची होती. एक पिंजरा पांढऱ्यांचा, एक काळ्यांचा.

पांढरे टुणटुणीत राहिले. काळे मात्र महिनाभरात सुजले, मुतेनासे झाले आणि पटापट मेले. चिरून पाहिलं तर मूत्रपिंडं पार खराब.

"तू घाण पाणी दिलंस," डॉक्टर म्हणाले. घ्या! जी बाई उंदरांचं पाणी दोनदा गाळून भरायची, तिला हे ऐकवायचं.

"पानी एकच, पुडी एकच," ती म्हणाली. "मंग काळाच कसा मरना, सायब?"

उत्तर तिच्याच हातून घडलं होतं. वंश शुद्ध राहावा म्हणून डॉक्टर भावाबहिणींच्या जोड्या लावायला सांगत. तिच्या डोंगरात एका कुळात सोयरीक होत नाही. उंदरांची लावतानाही तिला किळस यायची. म्हणून पुडी सुरू व्हायच्या आधीच तिनं एका काळ्या मादीजवळ गुपचूप पांढरा नर सोडला होता. त्यांच्या पिल्लांना तीच पुडी चारली गेली, आणि एकही मेलं नाही. म्हणजे खोट त्या काळ्या कुळात होती, आणि माणसांतही अशी कुळं असणारच. तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. भोळीच ती.

डॉक्टरांना आयतं निमित्त सापडलं. बाईनं पिंजरे मिसळले, काळे तिच्या हलगर्जीनं मेले, औषध निर्दोष, असा कागद तयार झाला. खाली तिचा अंगठा हवा होता.

"मी अंगठा देवाव नही."

नोकरी गेली. कागद मात्र कारखानदाराकडे गेलाच, अंगठ्यासकट. कोणाचा, देव जाणे. शिकल्यासवरल्या माणसांना लाज कशी वाटली नाही?

पुढच्या वर्षी अक्कलकुव्याच्या बाजारात कारखानदाराची माणसं जीपमधून त्याच पुड्या वाटायला लागली. दर बाजाराला दिवलीबाई रांगेशेजारी उभी राहायची आणि एकेकाला भिलीत विचारायची, तुमच्या घरात कोणी सुजून मेलं का? हो म्हणणाऱ्याला ती पुडी घेऊ नको म्हणायची, आणि तो पुडी परत करायचा.

"तुला काय कळतं गं औषधातलं?" पुड्या वाटणारा खेकसला.

"मी त्यास्ले मरतांना देखेल शे," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे वळली.