चित्रातल्या बाईला तिळगूळ
तीळ भाजताना खमंग वास सुटला की मला अमेरिकेतल्या श्रूजबरीतली पहिली संक्रांत आठवते. नवरा क्लायंटकडे दुसऱ्या शहरात, माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, हळदीकुंकवाला बोलवावं अशी ओळखही नाही. शेवटी पर्समध्ये एक लाडू टाकून म्युझियममध्ये गेले. तिथे व्हिक्टोरियन काळातलं एक चित्र होतं: जुन्या नाटकाची नायिका, खिडकीशी कुणाची तरी वाट बघत बसलेली. आसपास कुणी नाही असं बघून मी लाडू तिच्यापुढे धरला. हळूच म्हटलं, “तिळगूळ घे, गोड बोल गं.” “नो फूड हिअर, मॅम!” मागून गार्ड खेकसला. मी लाडू लपवला, पण राग नाही आला. आठवडाभरात माझ्याशी समोरासमोर बोललेला तो पहिलाच माणूस. आता संक्रांतीला घर बायकांनी भरतं, तरी “गोड बोला” म्हणताना मला आधी तोच आवाज ऐकू येतो.