रानातली गिरणी

हुसेनभाईला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो, हे अर्धंच खरं. त्याला तो उघडता येतो. बंद करताना एकदोन स्क्रू उरतात, ते डबीत टाकून तो म्हणतो, "ये जादा के थे." तरी अकोल्याच्या जठारपेठेत त्याचं दुकान इतकी वर्षं टिकलं, कारण तिथं बसायला मजा यायची. मी नितेश, तिथला कायमचा रिकामटेकडा.

१९९९ साली एका जुन्या सीडीतून त्याच्याकडे एक गेम आला. मारामारी नाही, धावपळ नाही. परक्या मुलखातलं गाव आणि तिथं वाट चुकलेला एक माणूस. माउसनं वस्तू उचलायच्या, पिशवीत टाकायच्या आणि कुठं उपयोगी पडतील ते डोकं खाजवत शोधायचं. इंग्रजी नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला 'रानातली गिरणी' म्हणायचो.

पडद्यावरचं इंग्रजी हुसेनभाई वाचायचा, डोकं मात्र चंद्रभानभाऊंचं चालायचं. भाऊ दर्यापूरकडचे शेतकरी. बहीण जमुना जठारपेठेत दिलेली, म्हणून दर गुरुवारी यायचे. ए-बी-सी-डी येत नव्हती, पण "कुलूप गंजलं हाय, त्या दिव्यातलं तेल टाक," म्हणायचे आणि कुलूप उघडायचं. आम्ही बारावी शिकलेले नुसते तोंडं पाहायचो.

मग गाडी अडली ती गिरणीपाशी. गिरणी फिरली तरच पुढं जायचं दार उघडणार होतं. शेजारी एक बैल उभा होता, शिंगं रंगवलेली, गळ्यात फुलांची माळ. आम्ही चाकावर तेल ओतलं, दारावर कुऱ्हाड मारली, ओढ्यात हात घातला. बैलाला मात्र कोणी हात लावला नाही. भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "त्याचा पोया हाय आज. सजवलेल्या बैलाले कोनी जुपते काय?" हुसेनभाईच्या वडिलांकडेही भाऊंसारखी बैलजोडी होती. त्यालाही ते पटलं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. गेम तिथंच राहिला.

पुढे दिवस वाईट आले. कापसानं सलग दगा दिला, एका उन्हाळ्यात कडबाच मिळेना. भाऊंनी जोडी विकली आणि त्यांचं अकोल्याला येणं सुटलं. हुसेनभाई म्हणायचा, "वो दरवाजा खुलेगा तो चंद्रभाऊ के सामने." आम्ही त्याची थट्टा करायचो. खरं सांगतो, ते गुरुवार मलाही फार आठवायचे.

२०१३ साली तोच गेम नव्यानं करून बाजारात आला. हुसेनभाईच्या मुलीनं, हीनानं, तो इंटरनेटवरून उतरवून दिला. चित्रं नवी, माणसं बोलणारी. एक बटण दाबलं की कामाच्या वस्तू चमकायच्या आणि दुसरं दाबलं की जुनं चित्र परत यायचं. हुसेनभाईनं गिरणीपाशी पहिलं बटण दाबलं. बैल चमकला.

"चौदा साल, नितेश!" त्यानं कपाळावर हात मारला. पण पुढे काही केलं नाही. जमुनाबाईंकडून निरोप पाठवला आणि त्या गुरुवारी भाऊ बसनं आले. अंगानं अर्धे झाले होते.

"लयच गुयगुयीत केलं रे हे," ते नवं चित्र पाहून म्हणाले. "जुनं दाखव." हुसेनभाईनं बटण दाबलं. तो ठिपक्याठिपक्यांचा बैल दिसला आणि भाऊ इतक्या दिवसांनी हसले.

"भाऊ, यालेच जुपा लागते. तुमीच जुपा," हुसेनभाई म्हणाला.

भाऊंनी पडद्यावरच्या माळेवरून बोट फिरवलं. मग स्वतः माउस धरला. माळ उतरली, जू चढलं, गिरणी फिरली, दार उघडलं. मी टाळ्या वाजवल्या. आत शिरलं की शेवट आलाच होता.

भाऊ दाराकडे गेलेच नाहीत. त्यांनी पुन्हा बैलावर माउसची टिचकी मारली. पडद्यावर एक ओळ आली.

"काय म्हनते?"

"म्हनते, याची आता गरज नाई."

त्यांनी पिशवीतली दोरी लावून पाहिली, सुरी लावून पाहिली, माळ परत घालून पाहिली. दर वेळी तीच ओळ. अर्धा तास झाला. बैल फिरतच होता.

"सोडता येत नाई काय याले?"

"गेम में नहीं है, भाऊ."

भाऊंनी माउस सोडला. "जोडी इकली त्या दिवशी व्यापाऱ्यानंच दावणीतून सोडली. मी घरात बसून होतो. भाईर आलोच नाई."

हुसेनभाईनं खुर्ची पुढे ओढली आणि जुपण्याआधीचा, सेव्ह करून ठेवलेला खेळ परत उघडला. दार बंद झालं. बैल मोकळा, गळ्यात माळ.

"शेवट नाई पाह्यला तं काय होते?" तो म्हणाला आणि चहा सांगितला.

भाऊ पाचच्या बसनं गेले. हुसेनभाई तो गेम अजून रोज उघडतो. पुढे मात्र खेळत नाही.