पाठमोरे तात्या

एका सज्जन माणसाचं दुकान मी एका वाक्यात बंद पाडलं. तेव्हा मी बावीस वर्षांची, एका लेकराची आई होते. म्हणजे वय लहान होतं ही सबबही नाही. अक्कल तेवढी लहान होती.

बारामतीच्या पेठेत तात्यांचा फोटोचा धंदा होता. मागच्या खोलीत त्यांनी खास बायकांसाठी शेजघर मांडलं होतं : पलंग, तक्क्या, आरसा. ज्यांचे नवरे परगावी, अशा कितीतरी जणी तोंडावर पदर ओढून, देवळाला जातो सांगून तिथं जायच्या आणि केस मोकळे सोडून फोटो काढून घ्यायच्या. तात्यांची रीत ठरलेली. आधी वहिनींना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, पलंगावर बसवून कॅमेरा जुळवायचा आणि भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. मग आपण बसायचं. वहिनी "हां" म्हणाल्या की पाठमोऱ्यानंच कॅमेऱ्याला नळीनं जोडलेला हातातला रबरी फुगा दाबायचा, की फोटो निघाला. पुढं कॅमेऱ्यातली काच धुणं, फोटो छापणं सगळं वहिनींकडं.

"आवो तात्या, फोटू वाकडा आला तर?" मी त्यांच्या पाठीला विचारलं.

"येऊ द्या की. नवरा काय गवंड्यावानी गुण्या लावून बघनार हाय व्हय?" भिंतीनं उत्तर दिलं.

मी अशी रेलले, जणू एखादं संस्थान माझ्या नावावर आहे! केस कमरेपर्यंत, पदर खांद्यावर, आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा. आमचे मालक इंदापूरकडं उसाच्या कारखान्यावर होते. टपालानं धाडलेला फोटो त्यांना आवडला. इतका, की सुट्टीला येताना ट्रंकेत घालून आणला. सापडला सासूबाईंना.

"ही कसली थेरं गं?"

"तात्यांनीच पदर काढाय लावला, म्या न्हाय न्हाय म्हनत हुते."

आळी मला "बिचारी" म्हणाली. ते मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. मालकांना खरं ठाऊक होतं; तेही आईपुढं गप्प बसले. तिकडं तात्यांच्या दारावर शेण पडलं. महिन्याभरात नवराबायको कॅमेरा बैलगाडीत घालून इंदापूरला निघाले. गाडी आमच्याच दारावरून गेली. मी फळीआड उभी होते, लेकराच्या तोंडावर हात दाबून.

दोन वर्षांनी मालकांकडं राहायला गेले, तेव्हा इंदापूरच्या बाजारात तात्यांची पाटी दिसली. माफी मागायची म्हणून पायरी चढले. वहिनींनी मला बघताक्षणी ओळखलं. त्यांचा काच पुसणारा हात थांबला. मी पदर मागं सारला आणि तात्यांसमोर उभी राहिले.

"तात्या, वळखलंत का?"

त्यांनी नीट निरखून पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांत राग शोधत होते.

"न्हाय वळखलं, बाई. फोटू काढायचा हाय का? बसा की, म्या पाठ करतो."