भावाची उशी
थोरला भाऊ गेला, तेव्हा त्याचा ट्रक बुटीबोरीला माल भरून उभा होता. आज ढाब्यावर कुणाच्या तरी केसांना आवळ्याच्या तेलाचा वास आला आणि जड वाहनाच्या परवान्याची चाचणी आठवली. मी तेव्हा धरमपेठेतल्या ग्रंथालयात काम करत होतो. पण वहिनीला ट्रक विकायचा नव्हता आणि घरात चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. भाऊ उंच होता. त्याच्या मापाची सीट गंजून तिथेच अडकली होती, माझा पाय क्लचपर्यंत पुरेना. चाचणीच्या दिवशी वहिनीनं त्याची उशी माझ्या पाठीमागे कोंबली. "आता पोचते ना पाय, भाऊजी?" पाय पोचला, पण स्टिअरिंग छातीला टेकलं आणि उशीतून त्याच्या तेलाचा वास येत राहिला. नापास झालो तर सुटेन, असं वाटत होतं. शेजारी बसलेले आरटीओचे निरीक्षक ओरडले, "चष्मेवाले, विचार कायचा करून राहिला? घे ना मागं!" आरशात वहिनी दिसली, पदर तोंडाशी धरून उभी. मी ट्रक चाचणीसाठी रोवलेल्या काठ्यांच्या मधून सरळ मागे घेतला. "जमलं गा तुले," निरीक्षक म्हणाले. सीट अजून सरकत नाही. उशी तिथेच आहे. तिला आता माझा वास येतो.