दादांचा नारळ आणि नववीचा वर्ग

नारळ उभा राहतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. त्यात खोटं काही नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पाणाडे होते. विहीर कुठं खणायची, बोअर कुठं मारायचं, हे विचारायला राजुरीच्या आसपासची माणसं त्यांच्याकडं यायची. दादा शेतात पाऊल टाकण्याआधी चप्पल काढायचे, सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवायचे आणि सावकाश चालू लागायचे. शेताचा मालक शेजारून चालायचा. एखाद्या जागी नारळ थरथरायचा, डोकं वर काढायचा आणि दादांच्या हातावर उभा राहायचा. मालक तिथं दगड ठेवायचा. दादा त्याचे पैसे घेत नसत. नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं, चहा घ्यायचा आणि घरी यायचं, एवढाच रिवाज. ज्यांना पाणी लागलं ते वर्षानुवर्षं सांगत राहायचे. ज्यांना लागलं नाही ते नशिबाला दोष द्यायचे, दादांना नाही.

मी बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं आणि दोन हजार सालाच्या आसपास महाळुंगे पडवळच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. नववीच्या वर्गावर पहिल्या दिवशी मी फळ्यावर चार शब्द लिहायचो: निरीक्षण, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष. आणि आवाज चढवून सांगायचो, "प्रयोगापुढं कोणी मोठा नाही. पुस्तक नाही, मी नाही, तुमचे आईवडील नाहीत. मत काहीही असू द्या, तपासून बघायचं." हे वाक्य मला फार आवडायचं. अजूनही ते खरंच आहे असं माझं मत आहे.

एका वर्षी मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मग सर, तुमच्या दादांचा नारळ?"

त्याच्या चुलत्याच्या बोअरला दादांनीच जागा दाखवली होती. वर्ग हसला. मीही हसलो, पण त्याचा मुद्दा बरोबर होता. इतकी वर्षं मी सगळं तपासायला सांगत होतो आणि घरातली एक गोष्ट मात्र हात न लावता बाजूला ठेवली होती.

"तपासू," मी म्हणालो. "का नाही तपासायचं?"

त्या शनिवारी मी गावी गेलो. इथं माझी पहिली चूक झाली. दादांना मी म्हणालो, "पोरांना तुमचा नारळ बघायचाय. शाळेत या एकदा." परीक्षा आहे, हे म्हणालो नाही.

"येतो की," दादा म्हणाले. "पोरांनी बघायलाच पायजे. आता ह्ये ठावं असणारी माणसं ऱ्हायलीत किती?"

मी विचारलं, "हंड्यातल्या पाण्यावर उठेल का?"

"हंड्यातलं पाणी मेलेलं असतं. वाहतं पायजे. वाहत्या पाण्यावर नारळ उठतोच."

हे बरं झालं. आमच्या शाळेच्या मैदानाखालून शेजारच्या बागायतदाराची पाइपलाइन गेलेली होती. नदीवरून मोटारीनं पाणी यायचं आणि उसापलीकडच्या व्हॉल्व्हपाशी त्याला दोन वाटा फुटायच्या. व्हॉल्व्ह फिरवला की पाणी एक तर आमच्या मैदानाखालून जायचं, नाहीतर दुसऱ्या फाट्यानं वरच्या रानात. ऊस इतका वाढलेला होता की मैदानातून व्हॉल्व्ह दिसत नव्हता. बागायतदार म्हणाला, "लाइट हाय तवर काय करायचं ते करा, सर. फक्त माझ्या कांद्याला पाणी पोचू द्या."

पोरांनी सगळं ठरवलं. व्हॉल्व्हपाशी दोघं. दर वेळी नाणं उडवायचं. छापा आला तर पाणी मैदानाखालून, काटा आला तर वरच्या रानात. बांधावर एक पोरगा. पाणी मैदानाकडं सोडलं की त्यानं एक हात वर करायचा, नसेल तर दोन्ही. दादांची पाठ बांधाकडं, तोंड माझ्याकडं. मी खूण बघायची आणि "बघा दादा" म्हणायचं. मग दादांनी पाइपलाइनवर उभं राहून नारळ धरायचा. नारळ उठला तर पाणी चालू, नाही तर बंद. मला वाटत होतं, यापेक्षा चोख प्रयोग पुण्यातही कोणी करत नसेल.

दादा एसटीनं कळंबला उतरले. मी त्यांना एम-एटीवर बसवून शाळेत आणलं. धुतलेलं धोतर, कडक टोपी. पोरं बांधाकडं पाठ करून रांगांनी बसली होती. दादांनी चप्पल काढली तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरांनीही चपला काढल्या.

"बघा दादा," मी म्हणालो.

नारळ थरथरला आणि उठला. पाणी चालू होतं.

पुढच्या वेळी नारळ आडवाच राहिला. पाणी बंद होतं. मग पुन्हा बंद, मग चालू, पुन्हा चालू. एखाददुसऱ्या वेळी गडबड झाली असेल, पण बाकी सगळं बरोबर आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर टॉवेल-टोपी घेऊन आले. माझ्या छातीत काय भरून आलं ते सांगता येत नाही. विज्ञान शिक्षक म्हणून मी हरलो होतो आणि मुलगा म्हणून मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटत होत्या.

तेवढ्यात एका मुलीनं हात वर केला. घोडेगावच्या पलीकडच्या डोंगरातली पोरगी, शाळेच्या गावात मामाकडं राहून शिकायची. वर्गात फार बोलायची नाही.

"सर, पाणी चालू आहे का बंद, ते तुम्हाला कळत होतं ना?"

"हो. मी खूण बघत होतो."

"मग मी पुढं पुढं नारळाकडं बघितलंच नाही. तुमच्याकडं बघितलं. पाणी चालू असलं की तुम्ही नारळाकडं बघता. बंद असलं की आमच्याकडं. नारळ हलायच्या आधीच मी शेजारणीला सांगत होते. माझं सगळं बरोबर आलं."

शेजारीण मान हलवत होती.

"ए, गप की!" तो मागच्या बाकावरचा पोरगा ओरडला. "आजोबांचं बरोबर आलं तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"दुखत नाय. बघितलं ते सांगितलं."

हेडमास्तर माझ्या कानाशी आले. "सर, झालं की आता. सत्कार करू, चहा घेऊ. म्हाताऱ्या माणसाला उन्हात किती उभं करायचं?"

ते मनापासून म्हणत होते, आणि मला तीच सुटका हवी होती. पण नववीचे सगळे डोळे माझ्यावर होते. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेले चार शब्द त्यांना पाठ होते. आज मी दादांना टॉवेल-टोपी देऊन हा कार्यक्रम आटोपला असता, तर त्यानंतर त्या वर्गात काहीही शिकवायचा मला हक्क उरला नसता. आणि आटोपला नाही, तर ज्या माणसाला मी सत्काराच्या थाटात बोलावून आणलं होतं, त्याची शोभा होणार होती.

मी मुलांना म्हणालो, "ती बरोबर बोलतेय. प्रयोग चुकला. दादांचा नाही, माझा. मला उत्तर माहीत होतं आणि ते बरोबर यावं असं मला वाटत होतं. ते माझ्या तोंडावर दिसलं." मग दादांकडं वळलो. "दादा, अजून एकदा करायचं का? मी इथं थांबणार नाही."

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं होतं. "कर," म्हणाले. "त्यात काय भ्यायचं?"

या वेळी मी वर्गात जाऊन फळ्याकडं तोंड करून बसलो. बांधावरच्या पोराला खुणा बंद केल्या. व्हॉल्व्ह फिरवला, नाहीतर नुसता फिरवल्यासारखा केला, तरी त्यानं एकच शिट्टी मारायची. दादांशेजारी ती मुलगी वही घेऊन उभी राहिली. पाण्याचं तिलाही माहीत नव्हतं. मी शिट्ट्या ऐकत बसलो. टाळ्या ऐकू आल्या नाहीत.

लाइट गेली तेव्हा पोरांनी व्हॉल्व्हपाशीच्या आणि तिच्या वहीतल्या नोंदी ताडून पाहिल्या. काही बरोबर, काही चूक, जवळपास निम्मे-निम्मे. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच आलं असतं. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा तो पोरगा दादांच्या चपला घेऊन आला आणि पायाशी ठेवून गेला.

दादांनी नारळ फोडला आणि पोरांना खोबरं वाटलं. रिवाज मोडला नाही.

परतताना दादा एम-एटीवर मागं बसले होते. कळंब जवळ आल्यावर म्हणाले, "तुला पयल्यापास्नं ठावं व्हतं का, की न्हाई यायचं म्हणून?"

"नाही दादा. येईल असं वाटत होतं. आईशप्पथ."

"मग बलावताना परीक्षा हाय म्हणून का न्हाई सांगितलंस?"

मी गाडी थांबवली. म्हणालो, "भ्यालो. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"म्या कशाला न्हाई म्हणीन?" दादा म्हणाले. "म्या काय लबाड हाय का?"

ते लबाड नव्हते. पुढच्या आठवड्यात मी वर्गाला हेच समजावलं. आडवा नारळ तळहातावर कसाबसा तोललेला असतो. तळवा केसभर कलला की त्याचा तोल सरकतो आणि तो उठतो. हात कललाय हे धरणाऱ्याला कळतच नाही, कारण तो हाताला हुकूम देत नाही. मनात जे असतं ते हातात उतरतं. पोरांना खरं वाटेना, म्हणून मी मैदानात चुन्याची एक रेघ मारली आणि खालून पाइप गेलाय असं सांगितलं. खाली पाइप नव्हता. तरी कितीतरी पोरांचे नारळ त्या रेघेवर उठले. पोरं ओरडू लागली, "सर, आपोआप उठतोय!" नंतर खरं सांगितलं तेव्हा ती आपल्याच हाताकडं बघत बसली. मला वाटतं, गुरुत्वमध्य हा धडा त्या वर्षी जितका पक्का झाला तितका कधी झाला नाही.

हे सगळं मी ठामपणे शिकवलं आणि आजही शिकवीन. पण दादांचा प्रश्न मनातून गेला नाही. शिट्ट्या ऐकत फळ्याकडं तोंड करून बसलेला मी मला अजून दिसतो. तो प्रयोग परत करायची वेळ आली तर करीन. फक्त दादांना आधी खरं सांगीन.

महिन्याभरानं मी राजुरीला गेलो तर दाराशी एक पाहुणे बसले होते. त्यांना बोअर मारायचं होतं. मला वाटलं, दादा नाही म्हणतील. पण त्यांनी नारळ घेतला आणि मला म्हणाले, "चल, गाडी काढ."

रानात पोचल्यावर दादांनी चप्पल काढली. पाहुणे सवयीनं शेजारी येऊन उभे राहिले.

"पावणं, तुमी त्या बांधावर जाऊन बसा. तिकडं त्वांड करून."

"का वं दादा?"

"तुमचं त्वांड लई बोलतं. विजंच्या खांबापाशी बोअर पायजे, ह्ये म्या आत्ताच वाचलं." मग माझ्याकडं वळले. "तू बी जा."

पाहुणे आणि मी बांधावर पाठ करून बसलो. पाहुणे सारखे मागं वळायला बघत होते, मी त्यांचा दंड धरून ठेवला. मागं ढेकळांवरून दादांची पावलं या टोकाकडून त्या टोकाकडं जात होती, परत येत होती. बऱ्याच वेळानं ती आमच्यापाशी येऊन थांबली.

"न्हाई उठला."

"आसं कसं?" पाहुणे म्हणाले. "माझ्या बापाच्या विहिरीला तर तुमीच जागा दाखवली."

"तवा तुझा बाप माझ्यासंगं चालत व्हता," दादा म्हणाले. "मला न्हाई सांगता येत, बाबा. दुसऱ्या कुणाला तरी इचार."

'मला सांगता येत नाही' हे दादांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पाहुणे नाराज झाले, चहालाही थांबले नाहीत.

परत येताना नारळ दादांच्या मांडीवर तसाच होता. घराच्या वळणावर ते म्हणाले, "त्या पोरीला सांग."

"काय सांगू?"

"सांग, आजोबानं बी करून बघितलं म्हणावं. कुणाचं त्वांड न बघता. न्हाई उठला."

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं. ती मुलगी ऐकत होती. मला वाटलं, तिला आनंद होईल. तिनं हात वर केला.

"सर, एकदाच केलं?"

"हो. एकदाच."

"मग एकदानं काय कळतं? अजून चार रानांत करायला सांगा की त्यांना."

पुढच्या शनिवारी मी तो निरोप दादांना होता तसा सांगितला. दादा ओट्यावर बसले होते. आधी हसले, मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"बरोबर हाय तिचं," म्हणाले. "नारळ आणलायस का?"