घड्याळाची बोली

त्या लिलावघरात त्याला सगळे 'हातोडी' म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं. उंच स्टुलावर बसून, लाकडी हातोडी आपटत जुनी नाणी पुकारायची, हा त्याचा धंदा. जुनी म्हणजे आजोबांच्या काळातली नव्हेत. ज्या राजांची नावं शाळेत घोकावी लागतात, त्यांच्याही आधीची. आवाज खणखणीत, आणि चेहरा असा की घरात काही झालं तरी हॉलमध्ये कुणाला पत्ता लागू नये.

आता लिलाव म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे चढाओढ येईल, घामाघूम माणसं येतील. इथे तसलं काही नव्हतं. वर्षातून दोनदा लिलाव, जाडजूड कॅटलॉग, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि संध्याकाळी बहुतेक माल आला तसा परत कपाटात. कारण उघड होतं. लिलावघराचा मालक कुणालाच नाही म्हणत नसे. तुमचं नाणं, तुम्हीच सांगा कितीच्या खाली द्यायचं नाही. विकणारा आभाळातली किंमत सांगे आणि मालक मान डोलावून लिहून घेई. कॅटलॉग जाड दिसल्याशी मतलब. नेहमीची गिऱ्हाइकं मुरलेली. ती हाताची घडी घालून बसत आणि सगळं आटोपलं की मागच्या खोलीत येऊन हळूच विचारत, "ते राहिलेलं कितीला सोडता?"

पण हॉल सुरुवातीपासून मुका राहिला तर माणसं उठून चालू लागतात. त्यावर धंद्यातली जुनी रीत होती. विकणाऱ्याने घातलेल्या किमतीच्या खाली असेपर्यंत पुकारणाऱ्यानेच बोली वाढवत न्यायची. हातोडी मागच्या भिंतीकडे बघून मान हलवायचा, जणू तिथून कुणी बोट वर केलंय. त्या भिंतीवर एक गोल घड्याळ होतं. तेच त्याचं सगळ्यांत उत्साही गिऱ्हाईक. शेवटी हातोडी आपटायची. नाणं खरंच गेलं असेल तर 'दिलं' म्हणायचं, नसेल तर काही न बोलता पुढचा नंबर घ्यायचा. मुरलेल्यांना फरक कळे, विकणाऱ्यांना कळत नसे.

"विकणारे हावरट झालेत," तो घरी येऊन बायकोला सांगे. "एकदा माल राहिला की माणूस किंमत उतरवेल. हे उलटे चढवतात." तसं का होतं, याच्या खोलात तो कधी शिरला नाही. आपलं काम पुकारायचं, बाकीच्या भानगडीत पडा कशाला?

मग एकदा त्याचे थोरले भाऊच नाणी घेऊन आले.

दादांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसले, आणि उरलेल्या वेळात त्याच भिंगाने जुनी नाणी पाहिली. लिलावघरातल्या त्या गोल घड्याळाचं तेलपाणीही तेच करायचे. आता डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, थोडे महिने आहेत, जे बघायचं ते बघून घ्या. लोक अशा वेळी डोंगर बघतात, समुद्र बघतात. दादांनी नाण्यांचे डबे काढले.

"मुलांना यातलं काही नको," ते धाकट्याला म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत ज्याला हवं त्याच्या हातात जाऊ दे. घेणाऱ्याचं तोंड मला बघायचंय. एवढंच."

"एवढंच असतं तर फुकट वाटली असती," वहिनी आतून म्हणाल्या. "किंमत बघा काय लावलीय ती."

किंमत भरमसाट होती. त्यातलं त्यांचं लाडकं म्हणजे एक तांब्याचं नाणं. ठसा मारताना हात सरकलेला, त्यामुळे बैलाचं धड नाण्यावर आणि डोकं नाण्याच्या बाहेर. दादा त्याला 'लाजरा' म्हणत. लाजऱ्याची किंमत त्यांनी अशी लावली होती की हातोडीला हसू आवरेना.

"दादा, एवढ्यात कोण घेईल?"

"ज्याला कळतं तो घेईल. तू पुकार."

लिलावाच्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. तिथून त्यांना भावाचा चेहरा जेमतेम दिसत होता. मागचं काही दिसणं शक्यच नव्हतं. त्यांचा पहिला नंबर आला. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. हातोडीने दादांकडे पाहिलं, आणि ते नुसते कान झाले होते. मग त्याने मागच्या भिंतीकडे बघून मान हलवली. आकडा चढला, पुन्हा चढला. दादांच्या हातातला रुमाल आवळला गेला. लाजऱ्याच्या वेळी तर घड्याळाने कमाल केली, अगदी दादांच्या किमतीच्या उंबरठ्यापर्यंत गेलं. हातोडी आपटली आणि पुढचा नंबर आला. दादांचं एकही नाणं गेलं नव्हतं.

संध्याकाळी मागच्या खोलीत एक दातांचे डॉक्टर आले. जुनं गिऱ्हाईक, बोलायला मऊ. त्यांनी लाजरा तळहातावर घेतला, उलटापालटा केला आणि खुदकन हसले. तसं हसू हातोडीने त्या खोलीत फारसं पाहिलं नव्हतं. दादा एक हात अंतरावर होते. एवढ्या जवळचं त्यांना अजून दिसत होतं. डॉक्टरांनी किंमत सांगितली. कमी होती, पण वाजवी होती.

"अहो, हॉलमध्ये मागे कुणीतरी याच्या तिप्पट गेला," दादा म्हणाले. "थोडक्यात राहिलं ते. आणि तुम्ही हे सांगताय?"

डॉक्टरांनी हातोडीकडे पाहिलं. हातोडीने टेबलावरच्या ट्रेकडे पाहिलं. बोलायची वेळ हीच होती, आणि ते त्याला कळतही होतं. पण दादांचा चेहरा फुलला होता. आयुष्यभर ज्याला घरच्यांनी भंगार म्हटलं, त्याच्यासाठी आज भरल्या हॉलमध्ये कुणीतरी ईर्ष्येने बोट वर करत होतं, असं त्यांना वाटत होतं. ते मोडणं हातोडीच्या जिवावर आलं. तो मूग गिळून बसला. डॉक्टरांनी नाणं जपून ट्रेमध्ये ठेवलं आणि नमस्कार करून गेले.

रिक्षात दादा म्हणाले, "पुढच्या वेळी किंमत जरा वाढवू या. मागणी आहे रे."

तेव्हा कुठे हातोडीच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं तो विकणाऱ्यांना हावरट म्हणत आला होता. त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता तोच. भिंतीकडे बघून हलवलेली मान विकणारा घरी घेऊन जायचा, तिच्यावर विश्वास ठेवून किंमत वाढवायचा, आणि पुढच्या हंगामात हॉल आणखी मुका व्हायचा. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी तो एवढंच म्हणाला, "बघू."

पुढच्या लिलावाला सहा महिने होते. तेवढ्यात दादांचे डोळे गेले. आधी कडा गेल्या, मग मधलं, मग वहिनींनी हात धरून जेवायला बसवायची पाळी आली. दुकान बंद झालं. लिलावघरातलं घड्याळ तेवढं चालू राहिलं.

लिलावाच्या सकाळी हातोडीने मालकाला सांगितलं, "आजपासून भिंतीची बोली बंद."

"हॉल थंड पडेल."

"तो थंडच आहे. पटत नसेल तर हातोडी घ्या, तुम्ही पुकारा."

मालकाने हात झटकले. त्याला पुकारता येत नव्हतं.

वहिनींनी दादांना पहिल्या रांगेत आणून बसवलं. हातोडीने त्यांचा पहिला नंबर पुकारला आणि थांबला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता.

"बोली नाही," तो म्हणाला. असं त्याने आजवर कधी म्हटलं नव्हतं. पुढचा नंबर पुकारला. "बोली नाही." त्याच्या पुढचा. दादांनी मान थोडी तिरकी केली, बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरताना करत तशी. लाजऱ्याचा नंबर आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"दातांचे डॉक्टर आलेत का?"

"आलोय," मागून आवाज आला.

"मागच्या वेळी तुम्ही सांगितलेल्या किमतीत घेता?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "घेतो."

"दिलं," हातोडी म्हणाला, आणि त्याचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच फाटला.

रीत अशी की माल नंतर काउंटरवरून न्यायचा. पण डॉक्टर सरळ पुढे आले, आणि हातोडीने लाजरा ट्रेमधून काढून दादांच्या हातात दिला. दादांनी चाचपून डॉक्टरांचा तळहात शोधला, लाजरा त्यावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटवली.

"कसा आहे?"

"डोकं अजून बाहेरच आहे," डॉक्टर म्हणाले.

दादा हसले. मग त्यांनी बाकीच्या नाण्यांच्या किमती तिथेच उतरवल्या. काही गेली, काही डब्यात परत आली.

हॉल रिकामा झाला. वहिनी रिक्षा बघायला खाली गेल्या. हातोडी दादांचा हात धरून जिन्याकडे निघाला.

"मागच्या वेळी एवढी बोली झाली," दादा म्हणाले. "तो माणूस आज आला नव्हता का?"

थाप मारणं सोपं होतं. आजारी असेल म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"माणूस नव्हता, दादा. मी घड्याळाकडे बघून वाढवत होतो."

दादा थांबले. मागे भिंतीवर त्यांनीच तेल घातलेलं घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी ते थोडा वेळ ऐकलं.

"मग त्या दिवशी मागच्या खोलीत आलेले डॉक्टर," ते म्हणाले, "तेच एक खरं गिऱ्हाईक होतं."

"हो."

"हसले होते ते. लाजरा हातात घेऊन." दादांनी कठडा चाचपला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "तेव्हा मला दिसत होतं रे."